पंचवीस मिनिटांचा संसार

आकाराने लहान असलेल्या कलाकृतीविषयी आपल्या मनात एक न बोललेला संशय असतो. कथाकाराला 'आता कादंबरी कधी?' असे विचारले जाते. लघुनिबंध लिहिणाऱ्याला तर कोणी काही विचारतही नाही. व्हिडिओ गेमच्या जगातही हा संशय आहे, आणि तिथे तो अधिक उघडपणे, हिशेबाच्या भाषेत बोलला जातो. गेम विकत घेण्यापूर्वी लोक आधी विचारतात, की तो किती तासांचा आहे. साठ तासांचा, शंभर तासांचा असे उत्तर मिळाले की पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. या हिशेबात पंचवीस मिनिटांत संपणारा गेम म्हणजे निव्वळ फसवणूक.

मला ज्या गेमविषयी लिहायचे आहे तो असाच, जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा आहे. त्याचे नाव 'इकारुगा'. गेल्या काही वर्षांत मी तो किती वेळा खेळले याची मोजदाद ठेवलेली नाही. काही शे वेळा तरी नक्कीच. मराठी साहित्य शिकवणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या बाईने अवकाशयानातून गोळ्या झाडण्याच्या खेळावर निबंध लिहावा यात थोडे विनोदी काही आहे, हे मला मान्य आहे. परंतु ज्या प्रश्नांनी मला या लेखापर्यंत आणले ते माझ्याच विषयातले, मराठी सौंदर्यविचारातले आहेत. तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा.

अवकाशयान आणि गोळीबार ही जोडी व्हिडिओ गेमच्या इतिहासाइतकीच जुनी म्हणावी लागेल. १९६२ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या संगणकावर 'स्पेसवॉर!' तयार केला. त्यात दोन याने होती आणि दोघांनाही आपल्याकडे ओढणारा मधला एक तारा. १९७८ मध्ये जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी तैतो कंपनीसाठी 'स्पेस इन्व्हेडर्स' घडवला. वरून रांगेने उतरत येणारे परग्रहवासी आणि खाली डावी-उजवीकडे सरकणारी आपली एकटी तोफ, हे त्याचे दृश्य आज कोणालाही ओळखीचे वाटेल. या गेममध्ये जसजसे शत्रू कमी होतात तसतसे उरलेले अधिक वेगाने सरकू लागतात. ही योजना निशिकादो यांनी आधी आखलेली नव्हती. त्या काळचे यंत्र मंद होते. पडद्यावरच्या आकृत्या कमी झाल्या की त्याच्यावरचा भार हलका होई आणि उरलेल्या आकृत्या ते भराभर काढू शके. निशिकादो यांनी ही गोष्ट दुरुस्त केली नाही, तशीच राहू दिली. शेवटाकडे जाताना द्रुत होत जाणारी लय अशी यंत्राच्या मर्यादेतून जन्माला आली. छंदाच्या बंधनातून कवितेला काय मिळते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला यात फारसे नवल वाटणार नाही.

पुढे १९७९ चा 'गॅलॅक्सियन', १९८१ चा 'गॅलागा', १९८५ चा 'ग्रॅडियस' असे हे घराणे वाढत गेले. १९९५ च्या 'दोनपाची'नंतर त्यातली जी शाखा फोफावली तिला जपानीत 'दानमाकु' म्हणतात. दानमाकु म्हणजे गोळ्यांचा पडदा. शत्रूच्या गोळ्यांनी सारा पडदा भरून जातो आणि खेळणाऱ्याने त्यांतल्या फटींतून वाट काढायची. इथे नेम धरण्याचे कौशल्य मागे पडते आणि कुठे असायचे व कुठे नसायचे हे कळण्याचे कौशल्य पुढे येते.

माझ्या पिढीला हा इतिहास क्रमाने कळला नाही. तो एकाच 'कॅसेट'मध्ये कोंबून आला. १९९० च्या दशकात आपल्या गावोगावी टीव्हीला जोडायचे जे व्हिडिओ गेम पोहोचले, त्यांतले बहुतेक १९८३ च्या जपानी फॅमिकॉम यंत्राच्या नकला होत्या. कॅसेटवर ९,९९९ गेम असल्याचे छापलेले असे. प्रत्यक्षात तेच पाच-दहा गेम नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. मामाच्या घरी उन्हाळ्याच्या सुट्टीत तो मांडला जाई. चित्र आले नाही की कॅसेट काढून तिच्यात जोरात फुंकर मारायची, हे आम्हा सगळ्यांचे शास्त्र होते. 'गॅलॅक्सियन'ला आम्ही 'विमानाचा गेम' म्हणत असू. मुलांचा नंबर आधी लागे. आम्हा मुलींना मिळत ती दुपारची वेळ, मुले विहिरीवर पोहायला गेल्यानंतरची. 'माझ्या अजून दोन लाइफ आहेत' हे वाक्य आम्ही इतक्या सहजपणे बोलत असू, की त्यातला 'लाइफ' हा शब्द कोणत्या गोष्टीचे नाव आहे हे आमच्या ध्यानातही येत नसे.

'इकारुगा' माझ्याकडे आला तो यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी. ट्रेझर या जपानी कंपनीने तो २००१ मध्ये गेम-पार्लरमधल्या यंत्रांसाठी काढला. दिग्दर्शक हिरोशी इउची, संगीतही त्यांचेच. २००२ मध्ये तो ड्रीमकास्ट या कन्सोलवर आणि २०१८ मध्ये निन्टेन्डो स्विचवर आला. माझा भाचा सिंगापूरला नोकरी करतो. २०२२ च्या दिवाळीत तो घरी आला होता, तेव्हा जाताना स्वतःचा जुना स्विच माझ्याकडे ठेवून गेला. "आत्या, रात्री जागताना तुला होईल," एवढेच तो म्हणाला. त्या जागरणाविषयी पुढे सांगते, आधी खेळाविषयी.

इकारुगाचा नियम एका वाक्यात सांगता येतो. आपले यान एका वेळी पांढरे असते किंवा काळे, आणि एक बटण दाबून त्याचा रंग हवा तेव्हा पालटता येतो. शत्रूही पांढरे-काळे, त्यांच्या गोळ्याही पांढऱ्या-काळ्या. आपल्याच रंगाची गोळी आपल्याला मारत नाही. यान ती गिळते आणि तिच्यातून त्याला बळ मिळते. विरुद्ध रंगाची एक गोळी लागली तरी अंत. उलट आपण विरुद्ध रंगाच्या शत्रूवर मारा केला तर तो दुप्पट परिणामकारक ठरतो. म्हणजे ज्या रंगात राहिल्याने समोरच्या शत्रूपासून सुरक्षित राहता येते, त्याच रंगात तो लवकर मरत नाही. आणि ज्या रंगात तो लवकर मरतो, त्या रंगात त्याची प्रत्येक गोळी प्राणघातक असते. गेममध्ये आहे ते एवढेच. हत्यारे गोळा करायची नाहीत, यान सजवायचे नाही. पाच प्रकरणे, ठरलेल्या क्षणी ठरलेल्या जागी येणारे शत्रू, आणि दोन रंग.

गुण मिळवायचे असतील तर आणखी एक अट आहे. एकाच रंगाचे तीन शत्रू लागोपाठ पाडले की एक साखळी होते. पुढचे तीन पुन्हा एकाच रंगाचे हवेत, मग ते पांढरे असोत वा काळे. साखळी न तुटता वाढत गेली की गुण दुपटीने चढतात, १०० पासून २५,६०० पर्यंत. एखादा चुकीच्या रंगाचा शत्रू मध्येच पडला की साखळी तुटते आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे दिसेल त्यावर गोळी झाडत सुटलेला माणूस या खेळात फार पुढे जात नाही. कोणाला सोडून द्यायचे हे ज्याला कळते तोच पुढे जातो.

मी एम.ए.च्या वर्गाला बा. सी. मर्ढेकरांचा सौंदर्यविचार अनेक वर्षे शिकवत आले आहे. संवाद, विरोध आणि समतोल हे त्यांच्या लयतत्त्वाचे तीन घटक विद्यार्थी पाठ करतात, उत्तरपत्रिकेत उतरवतात आणि विसरतात. त्यांना उदाहरणे देताना मीही नेहमी चाचपडत असे. मर्ढेकरांची भिस्त शुद्ध संवेदनांवर, त्यांच्या परस्परसंबंधांवर. साहित्यात मात्र शब्द आला की अर्थ येतो आणि अर्थ आला की सारे जग मागोमाग येते. इकारुगाच्या पहिल्या काही रात्रींतच मला वाटले, की हे लयतत्त्व इतके उघडेवाघडे मी कुठे पाहिलेले नाही. समान रंग म्हणजे संवाद, विरुद्ध रंग म्हणजे विरोध, आणि त्या दोहोंमध्ये क्षणोक्षणी साधावा लागणारा समतोल. इथे तो पाहणाऱ्याला केवळ जाणवतो असे नाही; त्याच्या अंगठ्याला तो स्वतः साधावा लागतो. चुकला तर यान फुटते.

आता जागरणाविषयी. २०२२ च्या पावसाळ्यात माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दिवसा एक मावशी कामाला येत, रात्री मी असे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी पालटावी लागते, नाही तर पाठीला जखमा होतात. दोन तासांचा हा काटा एकदा रात्रीत रुतला की झोप लागत नाही आणि जागेपणही धड मिळत नाही. पहिल्या महिन्यात मी उशाशी पुस्तके ठेवून पाहिली. कविता वाचता येईना, कारण प्रत्येक ओळ खोलीतल्या गोष्टींकडे बोट दाखवी. कादंबरी वाचता येईना, कारण पात्रांची नावे दोन तासांनंतर लक्षात राहत नसत. आयुष्यभर ज्याच्यावर पोट भरले ते वाचनच असे ऐन वेळी बाजूला झाले.

या खोलीत पंचवीस मिनिटांचा गेम मावला. त्यात शब्द जवळजवळ नव्हते. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी पडद्यावर काही ओळी येतात, पण त्या वाचण्याआधी शत्रू येऊन ठेपतात. शिन्रा नावाचा वैमानिक, त्याला यान देणारे एका गावातले वृद्ध, बलाढ्य राष्ट्राशी त्याची एकट्याची लढाई, अशी काही कथा आहे; ती मला बऱ्याच नंतर कळली आणि कळली नसती तरी चालले असते. मला हवे होते ते नेमके हेच, की काही सुचवू नये, कशाची आठवण करून देऊ नये, फक्त दोन रंग असावेत आणि त्यांची लय असावी. मर्ढेकरांच्या विचारावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की ही कला जीवनापासून तुटलेली आहे. तो आक्षेप मीही वर्गात अनेकदा, थोड्या चढ्या आवाजात मांडलेला आहे. जीवनापासून तुटलेली कला एखाद्याला का हवी असेल, हा प्रश्न मात्र त्या खोलीत बसेपर्यंत मला कधी पडला नव्हता. आता मला असे वाटते, की ती कित्येकदा मागितली जाते ते जीवन फार झालेले असते म्हणून. त्या मागणीला पळवाट म्हणता येईल. पण रात्री तीन वाजता कूस पालटण्यासाठी जागे राहिलेल्या माणसाने नक्की कुठे पळावे, हेही मग सांगावे लागेल.

गेम लहान असल्याचे मर्म हळूहळू कळत गेले. साठ तासांचा गेम माणूस एकदा खेळतो. पंचवीस मिनिटांचा पुन्हा पुन्हा खेळावा लागतो, आणि त्या आवर्तनांतच तो घडतो. पहिल्या दहा खेळांत मला केवळ गोंधळ दिसला. पन्नासाव्या खेळात वाक्ये दिसू लागली: इथे पांढऱ्यांची रांग, तिच्या मागून काळ्यांची, मधल्या श्वासात रंग पालटायचा. दोनशेच्या पुढे कधीतरी विचार करणे थांबले आणि हात आपणहून जाऊ लागले. ख्यालाच्या बंदिशीला शब्द असतात दोन-चार ओळींचे, आणि गायक तिच्यात अर्धा तास राहतो. कोणी त्याला ओळी थोड्या असल्याचे सांगत नाही. पारायणाचेही तेच. पोथीत पुढे काय होणार हे सर्वांना ठाऊक असते आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, ती वाचली जाते.

पाठांतराविषयी त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट पाहिली. अण्णा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. झटक्यानंतर त्यांना स्वतःच्या मुलांची नावे घेता येईनात, 'पाणी' म्हणता येईना. पण सकाळी मी रामरक्षेची सुरुवात करून दिली की ते पुढचे सलग म्हणत, पाढ्याचा पहिला आकडा दिला की शेवटापर्यंत जात. वाचोपचार करणाऱ्या बाईंनी सांगितले, की असे अनेकदा होते: आपण जुळवून बोलतो ती भाषा जाते, पण शेकडो वेळा घोकून अंगात मुरलेली भाषा कित्येकदा टिकून राहते. घोकंपट्टीची टवाळी करण्यात आमची पिढी वाढली. एखाद्या माणसाजवळ शेवटी तेवढीच शिल्लक राहील, हा विचार कोणी केला नव्हता.

हेडफोन लावून खेळणे शक्य नव्हते, कारण अण्णांचा श्वास ऐकू यायला हवा होता. तेव्हा आवाज अगदी लहान ठेवून मी खेळत असे. यान फुटले की त्या संगीतातून एक वेगळा, कोसळण्याचा आवाज येई. एका रात्री तो आला आणि अंधारातून अण्णांनी स्पष्ट शब्दांत विचारले, "मेलीस?"

झटक्यानंतर त्यांच्या तोंडून स्वतःहून आलेल्या मोजक्या शब्दांपैकी तो एक होता. माझ्या अंगावर काटा आला. मग हसू आले. "मेले, अण्णा. परत सुरू करते," असे मी म्हटले. त्यांनी हुंकार दिला. पुढे हे नेहमीचे झाले. त्यांना कळत काय होते हे सांगणे कठीण आहे. पण लहानपणी मामाच्या घरून परतल्यावर आम्ही भावंडे घरात 'मी मेलो', 'तू मेलीस', 'माझी एक लाइफ उरली' असे ओरडत खेळत असू आणि ते वहीवरून मान वर करून आमच्याकडे पाहत, हे मला आठवत होते. त्यांनाही ते आठवत असावे. कित्येक रात्री त्या घरात आम्हा दोघांत झालेले संभाषण एवढेच होते: मेलीस? मेले. परत.

माझी शुद्ध लय अशी एका शब्दाने मोडली. ज्या खेळात जगाने येऊ नये म्हणून मी बसले होते, त्यात जग थेट नाव घेऊन आले. आणि त्यानंतर मला तो खेळ पहिल्यासारखा, केवळ काळ्या-पांढऱ्या आकृत्यांचा म्हणून खेळता येईना. मग मी त्याची नावे-गावे शोधू लागले. 'इकारुगा' हे जपानमधल्या नारा प्रांतातल्या एका गावाचे नाव आहे. होऱ्यूजी हे प्राचीन बौद्ध मंदिर तिथे आहे. ते एका पक्ष्याचेही नाव आहे. प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस येणाऱ्या मोठ्या शत्रूंना पक्ष्यांचीच नावे दिलेली आहेत. एकाचे नाव लावा, आणि पाचव्या प्रकरणातल्याचे 'तागेरी', म्हणजे टिटवीच्या कुळातला पक्षी. टिटवी रात्री ओरडली की आपल्याकडे म्हातारी माणसे अजूनही गप्प होतात. तीच टिटवी आपल्याकडे चोचीने सागर मोजायला निघते आणि ज्ञानेश्वर स्वतःच्या धाडसासाठी तिचा दाखला देतात. अपशकुनाचा आणि अशक्य कामाला हात घालणाऱ्याचा, असे दोन्ही अर्थ एकाच पाखराच्या वाट्याला आले आहेत.

प्रकरणांची नावे अशी: आदर्श, कसोटी, श्रद्धा, वास्तव, आणि पाचवे 'रिन्ने'. इंग्रजीत त्याला पुनर्जन्मवाचक एक भारदस्त ग्रीक शब्द दिलेला आहे. पण रिन्ने हा शब्द चिनी बौद्ध ग्रंथांच्या वाटेने जपानीत गेला, आणि त्या ग्रंथांत तो ज्याचे भाषांतर म्हणून आला तो मूळ संस्कृत शब्द आहे 'संसार'. जन्ममरणाचे फिरते चाक. मराठीने या शब्दाचे काय केले हे सांगायला नको. आपण संसार थाटतो, संसाराला लागतो, संसाराची भांडी घेतो. बौद्धांना ज्याच्यातून सुटायचे होते ते मराठी बायकांनी फडताळात नीट लावून ठेवले. मला हे भाषेचे अवमूल्यन वाटत नाही. दर दोन तासांनी कूस पालटणे, चादर बदलणे, नळीतून पेज देणे, पुन्हा कूस पालटणे या क्रमाला दुसरे कोणते नाव देता येईल? चाक तेच आहे. मराठीने ते घरात आणले इतकेच.

या पाचव्या प्रकरणाचा शेवट विलक्षण आहे. अखेरच्या शत्रूच्या अखेरच्या टप्प्यात यानाचा गोळीबारच बंद पडतो. समोर दगडासारखी एक आकृती, तिच्यातून दोन्ही रंगांच्या गोळ्यांचे लोट, आणि पडद्यावर उलटी मोजणी: ६० सेकंद. काहीही मारता येत नाही. पांढरे येईल तेव्हा पांढरे व्हायचे, काळे येईल तेव्हा काळे व्हायचे, आणि थांबायचे. ही ६० सेकंदे निभावली तर साठवलेले सारे बळ एकदम मुक्त होते. त्यात शत्रू संपतो आणि आपले यानही संपते. गोळ्या झाडण्याच्या खेळाचा शेवट गोळी न झाडण्यात व्हावा हे नुसते चमत्कृतीसाठी नाही, कारण खेळाने ते आधीपासून सुचवलेले असते. एखादे प्रकरण एकही गोळी न झाडता पार केले तर 'डॉट ईटर' असा खास किताब मिळतो. मोठे शत्रूही ठरावीक वेळ टिकून राहिलात तर निघून जातात. ज्याला फक्त टिकून राहायचे आहे त्याच्यासाठी या खेळात पहिल्यापासून जागा राखलेली आहे.

इथे मी जपून पावले टाकते. यातून आजाराचे, सेवेचे, मरणाचे रूपक उभे करणे फार सोपे आहे, आणि साहित्याच्या शिक्षकाला असल्या सोप्या गोष्टींचा मोह फार. आपल्या रंगाची गोळी गिळली की बळ येते, म्हणून दुःख स्वीकारावे, असे सुवचन यातून काढता येईल, फळ्यावर शोभेलही. पण खेळ असे म्हणत नाही. विरुद्ध रंगाची गोळी त्यात शेवटपर्यंत मारतेच, ती कोणत्याही समजुतीने गोड होत नाही. शिवाय हा खेळ अखेर युद्धाचाच आहे. त्याचा सारा आनंद काही तरी फुटताना पाहण्याच्या आनंदाशी जोडलेला आहे, आणि तो आनंद मलाही होतो. पुन्हा खेळणारा दर वेळी उठून उभा राहतो, त्याच्याकडे लाइफ असतात. अंथरुणावरच्या माणसाकडे त्या नसतात. हे अंतर पुसून टाकणारे रूपक खोटे आहे.

पण अंतर पुसायचे नाही म्हणजे दोन गोष्टी एकमेकींना शिवलेल्याच नाहीत असेही म्हणता येत नाही. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात कलाविचाराचे दोन ध्रुव दाखवून दिले: कलेला जीवनाच्या नियमांनी मोजणारा लौकिकतावाद आणि तिला स्वायत्त मानणारा अलौकिकतावाद. आपला कलाव्यवहार या दोन ध्रुवांमध्ये चालतो आणि एकाला कायमचे काढून टाकता येत नाही. विद्यार्थ्यांना हे नेहमी तडजोडीसारखे वाटते. त्यांना विजेता हवा असतो. मलाही कित्येक वर्षे तो समजूतदार प्राध्यापकाचा मध्यममार्ग वाटत असे. त्या रात्रींनंतर तो मला अनुभवाच्या वर्णनासारखा वाटू लागला. मी खेळाकडे गेले ते पहिल्या ध्रुवापासून दूर, दुसऱ्याकडे. तिथे माझी वस्ती काही आठवडे होती आणि ती खरी होती; त्या निव्वळ लयीने मला शाबूत ठेवले. मग एका शब्दाने मला परत ओढले, आणि तेही खरे होते. दोन्हींतला कोणताही एक काळ पुसून टाकला तर मी या गेमविषयी जे सांगते आहे ते अर्धे राहील. आणि दोन्ही ध्रुवांवर एकाच क्षणी उभे राहता आले असेही नाही. एका वेळी एकच रंग असतो.

अण्णा २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये गेले. शेवटचे काही आठवडे ते काही विचारत नसत, रामरक्षाही अर्ध्यात थांबे. मी अजून खेळते. आता हेडफोन लावते, तेव्हा इउचींच्या संगीतातले बारकावे ऐकू येतात. एकच संधी घेऊन, पुन्हा नाणे टाकण्याची सोय न वापरता पाचही प्रकरणे पार करणे मला अजून जमलेले नाही. चौथ्या प्रकरणात एका अजस्र युद्धनौकेभोवती यान फिरत राहते, बहुधा तिथेच मी अडकते. नव्या पिढीतले मुलगे-मुली जालावर हे सहज करून दाखवतात. त्यांचे हात पाहताना मला असूया वाटत नाही. उत्तम तबलजी ऐकताना ठेका धरणाऱ्याला जे वाटते ते वाटते.

पोथीच्या शेवटी फलश्रुती असते. हे वाचल्याने काय मिळेल, किती वेळा वाचल्याने किती मिळेल, हे तिथे स्पष्ट सांगितलेले असते. इकारुगाच्या शेवटी एक आकडा येतो, तुमच्या गुणांचा, आणि मग पहिला पडदा. यंदा मर्ढेकर शिकवताना मी वर्गात या गेमचे उदाहरण दिले. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "मॅडम, पण शेवटी जिंकल्यावरही यान फुटतंच ना? मग फायदा काय?" प्रश्न चांगला होता. मी त्याला म्हटले, की आधी ती पंचवीस मिनिटे खेळून ये, मग या प्रश्नावर आपण दोन तास बोलू. तो पुढच्या आठवड्यात आला तेव्हा दुसऱ्या प्रकरणापर्यंत पोहोचला होता आणि फायद्याविषयी काही बोलला नाही. काळ्या रांगेनंतर रंग नेमका कोणत्या क्षणी पालटायचा, एवढेच त्याला हवे होते.